वर्गणीदार (मराठी नियतकालिके)

वर्गणीदार म्हणजे एखाद्या नियतकालिकाची ठरावीक मुदतीची किंमत आगाऊ भरून त्याचे अंक घरपोच मिळविणारा वाचक. दुकानातून सुटा अंक घेणारा वाचक तो आधी चाळून पाहतो आणि पटला तरच पैसे देतो. वर्गणीदाराला ही सोय नसते. अद्याप न लिहिलेल्या, न छापलेल्या आणि प्रसंगी कधीच न निघणाऱ्या अंकांचे पैसे त्याने आधीच दिलेले असतात. त्यामुळे वर्गणीच्या व्यवहारात दोन प्रश्न सतत उभे राहतात. अंक ठरल्या वेळी येईल काय, हा पहिला; आणि आलेला अंक वाचण्याजोगा असेल काय, हा दुसरा. पहिला प्रश्न विश्वासार्हतेचा, तर दुसरा दर्जाचा आहे. मराठी नियतकालिकांच्या जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासात हे दोन्ही गुण एकाच ठिकाणी नांदल्याची उदाहरणे आहेत. पण उत्तम असूनही अल्पायुषी ठरलेली आणि सामान्य असूनही वक्तशीर निघालेली नियतकालिके त्यांहून पुष्कळ अधिक आहेत.

वर्गणीचे स्वरूप

वर्गणी साधारणतः वार्षिक, द्वैवार्षिक, त्रैवार्षिक किंवा पंचवार्षिक असते. संस्था व ग्रंथालये, विद्यार्थी आणि परदेशस्थ वाचक यांच्यासाठी काही नियतकालिके वेगळे दर ठेवतात. याखेरीज ‘आजीव वर्गणी’ नावाचा एक प्रकार आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

अंकाच्या वेष्टनावरील पत्त्याच्या चिठ्ठीवर वर्गणीदाराचा क्रमांक आणि वर्गणी संपण्याचा महिना छापण्याची पद्धत आहे. ही चिठ्ठी बहुतेक वाचक वेष्टनासह फेकून देतात. वास्तविक वर्गणीदाराच्या हाती असलेली ती सर्वांत उपयोगी नोंद होय, कारण पत्रव्यवहार करताना कार्यालय प्रथम तो क्रमांकच विचारते. श्रेयनामावलीच्या पानावर ‘अंक न मिळाल्यास अमुक तारखेनंतर कळवावे’ अशी सूचना असते. त्या मुदतीत कळविल्यास शिल्लक प्रतींतून दुसरा अंक पाठविला जातो. उशीर झाला की प्रती संपतात आणि वर्गणीदाराच्या संग्रहात एक कायमची फट राहते.

इतिहास

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. १८४० मध्ये ते बंद पडले आणि त्याच वर्षी जांभेकरांनीच ‘दिग्दर्शन’ हे मराठीतील पहिले मासिक काढले. त्या काळी वाचक थोडे होते आणि अंक पोहोचविण्याचा खर्च मोठा होता. हिंदुस्थानभर एकसारखा व स्वस्त टपालदर १८५४ साली लागू झाला. टपालाने मालाबरोबर किंमत वसूल करण्याची व्ही.पी. पद्धत १८७७ मध्ये आणि मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. मराठी मासिकांची खरी वाढ याच काळातील आहे, हा योगायोग नव्हे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ पासून ‘केरळकोकिळ’ हे मासिक कोचीनसारख्या दूरच्या ठिकाणी राहून संपादिले. मराठी मुलखाबाहेर बसून मराठी मासिक चालविता येते, ही गोष्ट टपालाने शक्य केली.

व्ही.पी.ने वर्गणी वसूल करण्याची रीत अनेक दशके टिकली. वर्षाचा पहिला अंक व्ही.पी.ने पाठवावयाचा, टपालवाल्याने वर्गणी घेऊन अंक हाती द्यावयाचा आणि ती रक्कम पुढे मनिऑर्डरने कार्यालयात पोहोचावयाची, असा तिचा क्रम होता. वाचकाला यात धोका कमी होता, कारण निदान एक अंक हाती पडल्यावाचून पैसे जात नसत. धोका असे तो चालकाला. वाचकाने व्ही.पी. नाकारली की अंक परत येई आणि टपालखर्च चालकाच्या अंगावर पडे. वर्गणीदार फसतो ही तक्रार आज सर्वश्रुत आहे. परंतु जुन्या काळी वर्गणीदारांनी बुडविलेली मासिकेही होती, हे विसरता येत नाही.

त्या काळची बरीच नियतकालिके एका माणसाच्या लेखणीवर उभी होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ जानेवारी १८७४ मध्ये सुरू झाली. तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील लेखन जवळजवळ एकहाती होते. मराठी गद्याला वळण लावणारे हे मासिक त्याच्या कर्त्याच्या उमेदीइतकेच टिकणार होते. याउलट रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादनाखाली १८६७ मध्ये सुरू झालेले ‘विविधज्ञानविस्तार’ संपादक बदलत गेले तरी सुमारे सत्तर वर्षे चालले. एखाद्या नियतकालिकामागे माणूस आहे की व्यवस्था आहे, हा प्रश्न वर्गणीदाराने तेव्हाही विचारावयास हवा होता आणि आजही विचारावयास हवा.

क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांनी वर्गणीदाराचे हित आणखी एका तऱ्हेने गुंतविले. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी ‘विविधज्ञानविस्तारा’तून प्रकरणाप्रकरणाने आली. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून वाचकांपर्यंत पोहोचली. अशा कादंबरीचा एक अंक गहाळ झाला तर वर्गणीदाराचे नुकसान एका अंकाच्या किमतीपुरते राहत नसे. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या, उदाहरणार्थ ‘गणपतराव’, अपूर्णच राहिल्या. शेवटचे प्रकरण न मिळालेल्या वाचकाला त्याची भरपाई कोण देणार?

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. दिवाळी अंकाची परंपरा मराठीला भूषणावह आहेच. मात्र वर्गणीदाराच्या हिशेबात तिने एक गुंता निर्माण केला. वर्षाच्या वर्गणीत दिवाळी अंक धरलेला आहे की त्याची किंमत निराळी, आणि तो ऑक्टोबर व नोव्हेंबर मिळून एकच जोडअंक समजावयाचा काय, हे प्रत्येक मासिक आपापल्या परीने ठरवीत आले आहे. वर्गणी भरण्यापूर्वी एवढे विचारून घेणे इष्ट असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांचा इतिहास या विषयात वेगळा उभा राहतो. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. त्याचा वाचक अत्यंत गरीब होता आणि जाहिराती जवळपास नव्हत्या. अंकाचा बहुतेक मजकूर आंबेडकरांना स्वतः लिहावा लागे. १९२८ साली अग्रलेखातूनच त्यांना पत्राच्या आर्थिक स्थितीचा प्रश्न वाचकांपुढे मांडावा लागला. १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. या पत्राच्या खंडित प्रकाशनाला अनियमितपणा म्हणणे तांत्रिक दृष्ट्या बरोबर असले तरी न्याय्य नाही. येथे दर्जा वादातीत होता; उणीव होती ती वर्गणी देऊ शकणाऱ्या वर्गाची.

र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे. संततिनियमन व लैंगिक शिक्षण यांसारख्या त्या काळी निषिद्ध मानलेल्या विषयांवरील हे मासिक जुलै १९२७ मध्ये सुरू झाले. खटले झाले, त्यांपैकी १९३४ च्या खटल्यात आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते. पैशाची ओढाताण कायम होती. तरीही ते २६ वर्षे चालले आणि शेवटचा अंक कर्व्यांच्या निधनानंतर नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला. वर्गणीदार मोजकेच असले तरी वर्गणीदाराला दिलेला शब्द पाळता येतो, याचा इतका स्पष्ट दाखला मराठीत क्वचितच सापडेल.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून १९२० साली निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’मधून ‘किर्लोस्कर’ मासिक घडले. त्यानंतर ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही त्याची भावंडे निघाली. उद्योगसमूहाचे व्यवस्थापन पाठीशी असल्याने या मासिकांना स्थैर्य लाभले. ‘सत्यकथा’ या मासिकाने नवकथा आणि नवकाव्य यांना घर दिले, पण १९८२ साली ते थांबले. त्याचा दर्जा घसरला म्हणून ते बंद पडले असे कोणी म्हणत नाही. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक, १९२८ पासूनचे ‘सृष्टिज्ञान’, वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’ (१९४७), ग्रंथव्यवहाराला वाहिलेले ‘ललित’ (१९६४), पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ (१९७१) आणि ‘मिळून साऱ्याजणी’ (१९८९) ही वर्गणीदारांच्या आधारावर दीर्घकाळ चाललेल्या नियतकालिकांची काही नावे. विदर्भात विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ याच परंपरेत येते.

नियमितता आणि कायदा

नियतकालिकाने वेळेवर निघावे असा आग्रह वाचकाइतकाच टपाल खातेही धरीत आले आहे. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यानुसार सवलतीच्या दराने जाणारे ‘नोंदणीकृत वृत्तपत्र’ होण्यासाठी दोन प्रमुख अटी होत्या. एक म्हणजे दोन अंकांमधील अंतर ३१ दिवसांपेक्षा अधिक नसावे. दुसरी म्हणजे खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असावी. साप्ताहिके व मासिके या चौकटीत बसतात. त्रैमासिके व षण्मासिके बसत नाहीत; त्यांना बुकपोस्टाचा अधिक खर्च सोसावा लागे. गंभीर वाङ्मयीन व वैचारिक लेखन पुष्कळदा त्रैमासिकांतून येते, तेव्हा ज्यांचे वर्गणीदार आधीच कमी त्यांनाच टपाल महाग, असा हा उफराटा हिशेब आहे.

अंकाच्या शेवटच्या किंवा पहिल्या पानावर बारीक अक्षरांत टपाल नोंदणीचा क्रमांक आणि अंक टपालात टाकण्याची ठरलेली तारीख छापलेली असते. मुंबईच्या मासिकांवर ‘पत्रिका चॅनेल’ या छाटणी कार्यालयाचा उल्लेख आढळतो. या ओळी वाचकासाठी छापलेल्या नसतात, पण त्याला त्या उपयोगी पडतात. टपालात टाकण्याची तारीख महिन्याची पाचवी असेल आणि अंक पंचविसाव्या तारखेला येत असेल, तर विलंब छापखान्यात झाला की वाटेत, याचा अंदाज वेष्टनावरील शिक्क्याशी ती तारीख ताडून बांधता येतो.

नोंदणीचा कायदा मात्र पुष्कळच उदार होता. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्याप्रमाणे साप्ताहिक किंवा पाक्षिकाने तीन महिन्यांत अपेक्षित अंकांच्या निम्म्याहूनही कमी अंक काढले तर त्याचे घोषणापत्र रद्द होई. मासिकादी इतर नियतकालिकांसाठी प्रकाशन बारा महिन्यांहून अधिक काळ बंद राहणे, ही मर्यादा होती. म्हणजे एखादे मासिक दहा महिने गप्प बसले तरी नोंदणीच्या दृष्टीने ते जिवंतच असे. अंकावरील नोंदणी क्रमांक पाहून निर्धास्त होणाऱ्या वर्गणीदाराने हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तो क्रमांक नियतकालिकाच्या अस्तित्वाचा पुरावा आहे, वक्तशीरपणाचा नव्हे आणि दर्जाचा तर मुळीच नव्हे. १८६७ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या प्रेस व नियतकालिके नोंदणी कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला. टपालाचा २०२३ चा नवा कायदाही १८ जून २०२४ पासून लागू झाला आहे.

याच नोंदणी व्यवस्थेतून आलेली एक तरतूद वाचकाच्या फार कामाची आहे. १९५६ च्या नियमांनुसार नियतकालिकाला दरवर्षी फेब्रुवारीअखेरनंतरच्या पहिल्या अंकात ‘नमुना ४’ प्रसिद्ध करावा लागे. प्रकाशनस्थळ, प्रकाशनाचा कालावधी, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि मालक यांची नावे त्यात असत. एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक वाटा असणाऱ्या भागीदारांची व भागधारकांची नावेही त्यात द्यावी लागत. मार्चच्या अंकातील हे निवेदन बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. सलग काही वर्षांची अशी निवेदने काढून पाहिली तर मालकी केव्हा बदलली, संपादक किती टिकतात आणि छापखाना वारंवार बदलतो काय, हे दिसून येते. नियतकालिक डळमळू लागल्याची चिन्हे संपादकीयात उमटण्याआधी पुष्कळदा या कोरड्या पानावर दिसतात.

विलंबाचा अर्थ

कथाकवितांच्या मासिकाचा अंक दीड महिना उशिरा आला तर वाचक चिडतो, पण कथा शिळी होत नाही. सर्व नियतकालिकांच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. स्पर्धा परीक्षांच्या मासिकात अर्ज भरण्याच्या तारखा असतात आणि त्या उलटून गेल्यावर हाती आलेला अंक विद्यार्थ्याला निरुपयोगी असतो. शेतीच्या मासिकाची गोष्ट याहून कठीण आहे.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा लाखांदूर तालुका हा धानाचा मुलूख आहे. वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या काठच्या गावांत जूनमध्ये पऱ्हे टाकतात आणि पाऊस लागला की बांधीत रोवणी होते. पुढे खोडकिडा, गादमाशी, तुडतुडे, करपा यांचे संकट पिकाच्या वयाप्रमाणे येते. तुडतुड्यांवरील लेख ऑगस्टच्या अंकात आला आणि तो अंक दिवाळीत घरी पोहोचला, तर लेख कितीही चांगला असला तरी त्या हंगामापुरता तो वाया गेला. अशा नियतकालिकाच्या बाबतीत वक्तशीरपणा हा दर्जाचाच भाग ठरतो.

दुसरी बाजू अचूकतेची. कीटकनाशकाचे प्रमाण ‘एक लिटर पाण्यात’ आणि ‘दहा लिटर पाण्यात’ असे दोन्ही प्रकारे सांगितले जाते. छपाईत एक शून्य गळले तर प्रमाण दहापट चुकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्या दुर्घटनेची कारणे वेगळी होती, तरी या क्षेत्रात चुकीची किंमत कोणत्या चलनात मोजावी लागते हे तिने दाखवून दिले. म्हणून जबाबदार कृषी नियतकालिके औषधाच्या डब्यावरील सूचनाच अंतिम मानावी असे बजावतात, शिफारस कोणत्या विद्यापीठाची वा केंद्राची आहे ते सांगतात आणि चूक झाल्यास पुढील अंकात ठळक दुरुस्ती देतात.

यंत्रविषयक छंदांच्या मासिकांत विलंब फारसा नडत नाही. चूक मात्र तितकीच नडते. ब्रिटनमध्ये जुन्या मोटारसायकलींना वाहिलेली मासिके आहेत. त्यांपैकी ‘क्लासिक बाइक’ १९७८ पासून निघते. मैसूरची येझदी किंवा एस्कॉर्ट्सची राजदूत सांभाळणारे शौकीन आपल्याकडेही खेडोपाडी आहेत. या गाड्यांच्या दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. ते प्रमाण कमी छापले गेले आणि वाचकाने त्याबरहुकूम भरले, तर पिस्टन जाम होतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्राविषयीचा लेख महिनाभर उशिरा आला म्हणून काही बिघडत नाही. मराठीत हे ज्ञान बहुतांशी मिस्त्रींच्या तोंडी राहिले. ते छापील व पडताळण्याजोग्या रूपात फारसे आले नाही, ही खंत नोंदवावीशी वाटते.

खेड्यातील वर्गणीदार

लाखांदूर गावात रेल्वेस्थानक नाही. जवळचे स्थानक पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज. पुण्यामुंबईत टपालात पडलेला अंक छाटणीचे टप्पे पार करीत तालुक्याच्या टपाल कार्यालयात येतो आणि तेथून शाखा डाकघरात जातो. शाखा डाकघर दिवसातून चार-पाच तासच उघडे असते. ग्रामीण डाकसेवक एकाच फेरीत अनेक गावे करतो. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या गावांचा संपर्क तुटतो. ऑगस्ट २०२० च्या वैनगंगेच्या पुरात भंडारा जिल्ह्याने ते विशेष तीव्रतेने अनुभवले. शहरातील वर्गणीदाराला दोन-तीन दिवसांत मिळणारा अंक येथे आठवड्याने मिळाला तर तो वेळेवर आला असेच समजावे लागते.

खेड्यातील वाचकाला पर्यायही कमी असतात. शहरात वर्गणीचा अंक चुकला तर स्टॉलवर विकत घेता येतो. तालुक्याच्या गावी वर्तमानपत्रे व दिवाळीत थोडे अंक मिळतात, वाङ्मयीन मासिक मात्र सहसा मिळत नाही. त्यामुळे ज्याला टपालाची सर्वाधिक गरज तोच टपालाच्या विलंबाला सर्वाधिक बळी पडतो. सवलतीच्या दराने जाणाऱ्या अंकाची टपालात स्वतंत्र नोंद होत नाही. हरवलेल्या अंकाचा माग काढणे म्हणूनच जवळपास अशक्य असते, आणि कार्यालय ‘आम्ही पाठविला’ म्हणते तेव्हा ते खोटेच असते असे नाही. पत्ता मराठीत असला तरी पिनकोड अचूक असणे आणि पत्त्यात गावाबरोबर शाखा डाकघराचे नाव असणे, हे दोन साधे उपाय बरेच अंक वाचवितात. पत्ता बदलल्यास निदान महिनाभर आधी कळवावे, कारण चिठ्ठ्या आगाऊ छापलेल्या असतात.

दर्जाची परीक्षा

वर्गणी भरण्यापूर्वी निरनिराळ्या महिन्यांचे तीन-चार अंक पाहावेत. यांत दिवाळी अंक मोजू नये. तो सणाचा पोशाख असतो. नियतकालिकाचे नित्याचे रूप जूनच्या किंवा फेब्रुवारीच्या अंकात दिसते.

वाचकांची पत्रे हे दर्जाचे एक चांगले मापक आहे. त्यांत सर्वच पत्रे स्तुतीची असतील तर संपादक टीका छापत नाही किंवा टीका करण्याइतके लक्षपूर्वक कोणी वाचत नाही, आणि या दोन्ही गोष्टी काळजी करण्यासारख्याच आहेत. मागील अंकातील चुकांची दुरुस्ती छापणारे नियतकालिक चुका करते हे खरे. पण ती न छापणारे चुका करीत नाही असे मात्र नव्हे. अनुवादित लेखावर मूळ लेखकाचे व अनुवादकाचे नाव आहे काय, पुनर्मुद्रित मजकूर तसा नमूद केला आहे काय, आणि जाहिरात लेखाच्या वेषात तर आलेली नाही ना, हेही पाहावे. शेवटचा मुद्दा आरोग्यविषयक आणि कृषिविषयक मासिकांत विशेष जपावा लागतो. ज्या अंकात एका कंपनीच्या खताची पानभर जाहिरात आहे त्याच अंकात त्या खताचे गुणगान करणारा लेख असेल, तर वर्गणीदाराने जाहिरातीसाठीच पैसे मोजले असे म्हणावे लागते.

खपाचा आकडा दर्जा सांगत नाही. तो विश्वासार्हतेचा थोडासा आधार देतो आणि तोही तपासलेला असेल तरच. १९४८ मध्ये स्थापन झालेली ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था सदस्य प्रकाशनांच्या खपाची तपासणी करते. बहुतेक लहान मराठी मासिके तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्या बाबतीत स्वतः प्रकाशकाने सांगितलेला आकडा, एवढेच साधन उरते.

आजीव वर्गणी

आजीव वर्गणी म्हणजे एकदाच मोठी रक्कम भरून कायमचे अंक मिळविणे. ‘आजीव’ हा शब्द फसवा आहे. कोणाच्या आयुष्यापर्यंत, वाचकाच्या की मासिकाच्या, हे त्यातून कळत नाही. काही नियतकालिके दहा, पंधरा किंवा वीस वर्षे अशी मुदत स्पष्टपणे छापतात आणि तीच पद्धत प्रामाणिक होय.

समजा, एका मासिकाची वार्षिक वर्गणी ५०० रुपये आणि आजीव वर्गणी ५,००० रुपये आहे. मासिक दहा वर्षांहून अधिक चालले तरच हा व्यवहार वाचकाला लाभाचा. दर वाढत गेले तर लाभ लवकर होतो. बंद पडले तर उरलेले पैसे बुडाल्यात जमा असतात. चालकाच्या बाजूनेही हा प्रकार सुखाचा नाही. आज आलेली रक्कम चालू खर्चात संपते आणि पुढची पंधरा वर्षे कागद, छपाई व टपाल यांचा वाढता खर्च तिच्या बदल्यात सोसावा लागतो. ही रक्कम मुदत ठेवीत ठेवून तिच्या व्याजातून अंक पुरविणे, हा शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र व्याजदर उतरले की तोही अपुरा पडतो. चालू खर्च भागविण्यासाठी नव्या आजीव वर्गणीदारांचा सतत शोध घेणारे नियतकालिक पाहिले की वाचकाने सावध व्हावे. त्यात लबाडीच असते असे नाही, पुष्कळदा ती नुसती ओढाताण असते. परंतु पैसे परत न मिळण्याच्या दृष्टीने दोहोंत फरक पडत नाही.

कोणत्याही नियतकालिकाला पहिल्यांदा एक वर्षाचीच वर्गणी द्यावी, बारा महिन्यांचा अनुभव घ्यावा आणि मग दीर्घ मुदतीचा विचार करावा, हे जुन्या वाचकांचे धोरण आजही योग्य आहे. एखाद्या नियतकालिकाला जगविण्यासाठी म्हणून आजीव वर्गणी द्यावयाची असेल, तर ती देणगी समजून द्यावी. तशा देणग्यांवर मराठीतील काही उत्तम नियतकालिके तगली आहेत.

तक्रार आणि दाद

अंक न मिळाल्यास प्रथम व्यवस्थापकाला वर्गणीदार क्रमांकासह लेखी कळवावे आणि पत्राची प्रत जवळ ठेवावी. पैसे घेऊन अंक न देणे ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येणारी सेवेतील त्रुटी ठरू शकते. २०१९ च्या कायद्याने यात खेड्यातील वाचकाला महत्त्वाची सवलत दिली. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे लाखांदूरच्या वर्गणीदाराला पुण्याच्या प्रकाशकाविरुद्ध भंडारा येथे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते. पाचशे रुपयांसाठी भंडाऱ्याच्या खेपा कोणी घालीत नाही, हे खरे. मात्र तशी तरतूद असल्याचा उल्लेख पत्रात केला तरी उत्तर लवकर येते.

बंद पडणाऱ्या नियतकालिकाने शेवटच्या अंकात वर्गणीदारांची शिल्लक रक्कम परत करण्याची, किंवा त्याऐवजी पुस्तके अथवा दुसऱ्या नियतकालिकाचे अंक देण्याची घोषणा करावी, असा सभ्य प्रघात आहे. तो कायम पाळला जात नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत छपाई व टपाल थांबले, तेव्हा अनेक मासिकांनी अंक संगणकीय रूपात पाठविले. काहींनी वर्गणीची मुदत तेवढी वाढवून दिली, काही मात्र पुन्हा छापली गेलीच नाहीत.

ग्रंथालये आणि जुने अंक

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असून ते ठरविताना ग्रंथांबरोबर नियतकालिकांची संख्याही विचारात घेतली जाते. त्यामुळे ग्रंथालये ही लहान मासिकांची भरवशाची वर्गणीदार ठरली. अनुदान लांबले की प्रथम कात्री लागते ती मासिकांच्या वर्गणीलाच. तालुक्यातील एका ग्रंथालयाने वर्गणी बंद केली म्हणजे एक अंक कमी झाला असा हिशेब कार्यालयात होतो. त्या गावात मात्र तो एक अंक वाचणारे वीस-पंचवीस जण असू शकतात.

जुन्या अंकांच्या बाबतीत परिस्थिती अलीकडे सुधारली आहे. पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’चे जुने अंक संगणकीय रूपात खुले केले आहेत आणि ‘साधना’चेही अंक तसे उपलब्ध झाले आहेत. १८०० ते १९५० या काळातील नियतकालिकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने प्रसिद्ध केलेली ‘मराठी नियतकालिकांची सूची’ हे मूलभूत साधन आहे. ज्या मासिकांचे संगणकीकरण झालेले नाही त्यांचे पूर्ण संच बहुधा एखाद्या जुन्या वर्गणीदाराच्या घरी, वर्षवार बांधलेल्या खंडांत सापडतात. असे खंड रद्दीत जाण्यापूर्वी जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे विचारणा करता येते.